घामाची लाज आणि एक हरवलेली सूचना

मराठी भाषेने घामाला एरवी मोठा मान दिलेला आहे. निढळाच्या घामाची भाकर आपण पवित्र मानतो, घाम गाळणाऱ्याविषयी आदराने बोलतो, आणि आपल्या कामगार-कवितेत तर घामाचा थेंब हे श्रमाचे मानचिन्हच झाले. याच्या दुसऱ्या टोकाला भीतीचा घाम आहे, दरदरून सुटणारा. तिसरा एक शब्द आहे, 'घामट'. तो सरळ तिरस्काराचा. परंतु श्रम नाहीत, भय नाही, ऊनही नाही, आणि तरीही ज्याचा सदरा काखेत सदैव भिजलेला असतो, अशा माणसाच्या घामासाठी व्यवहारातील मराठीत शब्द नाही. परिभाषेत 'अतिस्वेद' म्हणता येईल. घरात मात्र 'याला जरा जास्तच घाम येतो' एवढे म्हटले जाते आणि विषय संपतो.

आमच्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी होता. निबंध उत्तम लिहायचा. प्रश्न विचारला असता हात मात्र कधी वर करायचा नाही. बुजरेपणा, आत्मविश्वासाचा अभाव, तयारी नसणे अशी एकेक कारणे आम्ही त्याच्या खात्यावर मांडत गेलो. शिक्षकांना अशी निदाने फार लवकर सुचतात. खरे कारण त्याने निरोप समारंभानंतर सांगितले. हात वर केला की काखेतील ओले वर्तुळ दिसते, एवढेच ते कारण होते. तीन वर्षे तो दोनच रंगांचे शर्ट वापरीत होता, पांढरा आणि काळा, कारण त्यांवर ओल सर्वांत कमी उठून दिसते. 'डिओ' तो रोज सकाळी न चुकता मारीत होता. उपयोग शून्य. त्या बोलण्यानंतर आम्ही जे वाचत गेलो त्यातून हा लेख झाला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या विषयाचे दार भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. आठ सात्त्विक भावांत स्तंभानंतर स्वेद येतो, हे आपण विद्यार्थ्यांना यादी म्हणून पाठ करायला लावतो. पण भरताने त्या स्वेदाची जी कारणे दिली आहेत ती क्वचितच वाचून दाखवतो. क्रोध, भय, हर्ष, लज्जा, दुःख, श्रम, रोग, ताप, व्यायाम अशी ती मोठी माळ आहे. अभिनय कसा करावा हेही तेथे आहे: पंखा हाती घ्यावा, घाम टिपावा, वाऱ्याची इच्छा दाखवावी. या माळेतील दोन मणी आपल्याला येथे हवे आहेत. एक 'रोग', म्हणजे घाम हा कधी कधी केवळ व्याधीचा असतो, त्यात माणसाचे काही चुकलेले नसते. आणि दुसरा 'लज्जा'. भरताच्या मते लाजेतून घाम येतो. विसाव्या शतकात अमेरिकेतील एका जाहिरातीने हा क्रम उलटा केला आणि घामातून लाज निर्माण केली. अतिस्वेद असलेल्या माणसाच्या बाबतीत तर दोन्ही क्रम एकत्र येऊन एक चक्रच तयार होते: घाम दिसेल या लाजेने घाम येतो, आणि तो आला म्हणून आणखी लाज.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आमच्या विद्यार्थ्याची सारी फसगत त्या भेदाच्या अज्ञानातून झाली होती. घामाचा वास घालवणे ही एक गोष्ट आणि घाम थांबवणे ही दुसरी. पहिल्या कामाची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. उटणे, चंदन, वाळा, अत्तर ही सारी तिचीच अंगे. महाभारतातील मत्स्यगंधेला पराशराने योजनगंधा केले, तेव्हा त्याने तिच्या देहाचा वास पालटला. तिचा घाम थांबवला असे कोठे म्हटलेले नाही. आज बाजारात 'डिओ' या नावाने मिळणारे बहुतेक फवारे पराशराच्याच परंपरेतील आहेत. ते सुगंध देतात, फार तर वास निर्माण करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात. घाम थांबवणारे द्रव्य, ज्याला अँटिपर्स्पिरंट म्हणतात, ते वेगळे. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. आपण त्याला 'स्वेदरोधक' म्हणू. मराठीत या दोहोंसाठी 'डिओ' हा एकच शब्द चालतो, आणि शब्द एकच असल्यामुळे वस्तूही एकच आहे असे लोक धरून चालतात.

अमेरिकेत या दोन वस्तू जन्मल्या त्या वेगवेगळ्याच. फिलाडेल्फिया येथे १८८८ साली 'मम' नावाचे जस्तयुक्त मलम विक्रीस आले. त्याचे काम दुर्गंध रोखण्याचे. घाम रोखणारे पहिले व्यापारी द्रव्य 'एव्हरड्राय' हे १९०३ सालचे, ॲल्युमिनियम क्लोराइडचे. परंतु ज्या बाटलीने इतिहास घडवला ती याहून थोडी अलीकडची आहे आणि तिचे मूळ शस्त्रक्रियागृहात आहे. सिनसिनाटी येथील एका शल्यविशारदाने शस्त्रक्रिया करताना तळहात घामेजू नयेत म्हणून एक द्रव तयार केला होता. त्याची मुलगी एडना मर्फी तेव्हा शाळकरी वयाची होती. तिने तो द्रव काखेत लावून पाहिला आणि तो तेथेही काम करतो हे तिच्या ध्यानात आले. आजोबांकडून १५० डॉलर उसने घेऊन तिने धंदा उभारला आणि द्रवाला 'ओडोरोनो' असे नाव दिले. 'वास? छे, नको गं बाई!' असा काहीसा त्या नावाचा भाव. औषधविक्रेत्यांनी न खपलेल्या बाटल्या परत केल्या, दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनीही फार काही साधले नाही. मग १९१२ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनात तिने दालन मांडले. आरंभी तेथेही निराशा होती. खर्च भागवण्यासाठी ती कोल्ड क्रीम विकत होती. पण प्रदर्शन उन्हाळाभर चालले, उकाड्याने लोक हैराण झाले, आणि अखेरीस ३० हजार डॉलरची विक्री झाली.

हा द्रव सौम्य मुळीच नव्हता. ॲल्युमिनियम क्लोराइड आम्लात विरघळवलेले असे, रंग तांबडा. त्वचेची आग व्हायची, कपड्यांवर डाग पडायचे, कधी कापडच विरायचे. परिणाम मात्र तीन दिवसांपर्यंत टिकायचा. तोवर अमेरिकन स्त्रिया पोशाखाच्या काखेत सुती वा रबरी अस्तराचे पट्टे लावून कापड वाचवीत असत. घाम थांबवावा असे त्यांना वाटत नव्हते, आणि घाम अडवणे प्रकृतीला घातक अशी समजूत सार्वत्रिक होती.

१९१४ साली मर्फीबाईंनी जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेतील जेम्स वेब यंग यांना काम दिले. हे गृहस्थ पूर्वी दारोदार बायबल विकत असत, आणि पुढे कल्पना कशा सुचतात यावरील त्यांची छोटी पुस्तिका प्रसिद्धीस आली. आरंभीच्या त्यांच्या जाहिराती प्रामाणिक होत्या असेच म्हटले पाहिजे. अति घाम येणे ही एक व्याधी आहे, तिच्यावर एका डॉक्टराने औषध काढले आहे, आणि ते निर्धोक आहे, असा त्यांचा रोख होता. विक्री वाढली आणि मग थबकली. घरोघर जाऊन चौकशी केली तेव्हा असे निघाले की ओडोरोनो सर्व स्त्रियांना ठाऊक आहे, सुमारे एकतृतीयांश ते वापरतात, आणि उरलेल्या दोनतृतीयांश स्त्रियांना आपल्याला त्याची गरज आहे असे वाटतच नाही. आमच्या मते या इतिहासातील निर्णायक क्षण हा आहे. औषधाचा विचार करणारा मनुष्य येथे थांबला असता, कारण ज्यांना व्याधी नाही त्यांना औषध नको असणे हे स्वाभाविकच आहे. यंग थांबले नाहीत.

१९१९ साली 'लेडीज होम जर्नल' मध्ये त्यांची नवी जाहिरात आली. चित्रात एक तरुण आणि एक तरुणी जवळजवळ आलिंगनात, आणि मथळा स्त्रीच्या बाहूच्या वळणाविषयी, काव्यमय. खालच्या मजकुरात सांगितले होते की तुमच्या अंगाला वास येत असेल आणि तो तुम्हांलाच कळत नसेल. इतरांना कळत असेल, पण ते बोलणार नाहीत. रचना म्हणून हा मजकूर विलक्षण परिणामकारक आहे. जो दोष स्वतःला दिसत नाही आणि दुसरा सांगत नाही, तो आपल्यात नाही हे सिद्ध कसे करणार? शंकेला उत्तर उरत नाही, बाटली घ्यावी लागते. सुमारे २०० वाचकांनी संतापून मासिकाची वर्गणी बंद केली. यंग यांच्या ओळखीच्या स्त्रियांनी त्यांच्याशी बोलणे टाकले. विक्री मात्र वर्षभरात ११२ टक्क्यांनी वाढून १९२० साली ४ लाख १७ हजार डॉलरवर गेली. पुढे साऱ्या व्यवसायाने हाच सूर उचलला. पुरुषांची पाळी १९३५ च्या सुमारास आली, आणि मंदीच्या त्या काळात त्यांना लाज प्रेमाची नव्हे, नोकरी जाण्याची घालण्यात आली.

इथवरची कथा जाहिरातीच्या इतिहासात अनेकांनी सांगितलेली आहे, आणि सांगणारे बहुधा येथेच उसासा टाकून थांबतात: एक नैसर्गिक गोष्ट लाजेची करून विकली गेली. त्यात तथ्य आहेच. पण ती जाहिरात शेवटपर्यंत वाचावी. लाजेचे सारे वर्णन संपल्यावर वापराची सूचना येते: आठवड्यातून दोन-तीन वेळा, रात्री निजण्यापूर्वी, बोटांनी लावावे, वाळू द्यावे, वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी, सकाळी स्वच्छ पाण्याने धुऊन टाकावे. रोज सकाळी अंघोळीनंतर घाईघाईने काखेत फवारा मारणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सूचना चमत्कारिक वाटेल. रात्री कशासाठी, आणि सकाळी धुवायचे असेल तर लावायचे कशाला?

उत्तर शरीरात आहे. माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख स्वेदग्रंथी असतात, आणि प्रत्येकीची नलिका त्वचेवर उघडते. ॲल्युमिनियमचा क्षार या नलिकेच्या तोंडात शिरला की तेथील द्रवाशी मिसळून त्याचा बुळबुळीत गोळा होतो आणि नलिका बुजते. हे रसायन मराठी घरांना अपरिचित नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात तेव्हा हेच घडते. तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार, आणि तिच्यापासून पाण्यात होणारा चिकट साका गाळाला धरून तळाशी बसतो. नलिका बुजल्याने काय होते तेही आपण उन्हाळ्यात पाहतो, त्याला घामोळे म्हणतात. स्वेदरोधक हे एका अर्थी मुद्दाम, माफक आणि निरुपद्रवी रीतीने केलेले नलिकाबंधन आहे. आता नलिकेतून घाम वाहत असताना क्षार लावला तर तो आत शिरण्याऐवजी वाहून बाहेर येतो. शिवाय ओल्या त्वचेवर ॲल्युमिनियम क्लोराइडपासून आम्ल तयार होते, त्यानेच आग होते. झोपेत या ग्रंथी बहुतांशी शांत असतात. म्हणून रात्र हवी, आणि त्वचा पूर्ण कोरडी हवी. एकदा नलिका बुजली की वरचा क्षार सकाळी धुतला तरी आतला बंध राहतो. त्वचेचा वरचा थर झडत जातो तसा काही दिवसांनी तोही निघून जातो, मग पुन्हा लावायचे.

अशी ही अचूक सूचना पुढे हरवली. का हरवली याविषयी आमचा तर्क असा. कपडे विरू नयेत, आग होऊ नये म्हणून रसायनज्ञांनी द्रव सौम्य करायला घेतला. ज्यूल्स मॉन्टेनियर यांनी १९४१ साली आम्लाची तीव्रता कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट हा सौम्य क्षार रूढ झाला. बॉलपेनच्या गोळीवरून हेलन बार्नेट डिसेरेन्स यांनी फिरत्या गोळीची बाटली सिद्ध केली, ती १९५२ साली बाजारात आली. १९६० पासून फवारे आले. प्रत्येक सुधारणा वापरणाऱ्याच्या सोयीची होती. द्रव सौम्य झाला तसा तो केव्हाही लावता येऊ लागला, त्यात सुगंध मिसळला, आणि सुगंधाची वेळ अर्थातच सकाळची. ज्यांना साधारण घाम येतो त्यांचे यात काही बिघडले नाही. बिघडले ते ज्यांच्यासाठी मूळ द्रव होता त्यांचे. लाजेच्या बाजारात गिऱ्हाईक सगळेच झाले, आणि खरा रुग्ण त्या गर्दीत दिसेनासा झाला.

त्याला पुन्हा पाहिले ते दोन त्वचारोगतज्ज्ञांनी, आणि योगायोग असा की तेही 'मम' च्याच फिलाडेल्फियाचे. वॉल्टर शेली आणि हॅरी हर्ली यांनी १९५३ साली सहकाऱ्यासह दाखवून दिले होते की काखेतील विशिष्ट ग्रंथींचा ताजा स्राव गंधहीन असतो, वास निर्माण करतात ते त्वचेवरील जिवाणू. ('घामट' हा शब्द वापरण्यापूर्वी एवढे आठवावे.) १९७५ साली याच दोघांनी काखेतील अतिस्वेदावर उपचार प्रसिद्ध केला: निर्जल मद्यार्कातील ॲल्युमिनियम क्लोराइड, रात्री, कोरड्या काखेत, वर प्लॅस्टिकचे आवरण, आणि सकाळी धुणे. १९७८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २० टक्के द्रावणाचा असाच अनुकूल अनुभव नोंदला गेला. त्वचारोगतज्ज्ञ आजही प्रथम हेच सुचवतात. प्लॅस्टिकचे आवरण आता सहसा लागत नाही. घाम आटोक्यात येईपर्यंत रोज रात्री, नंतर आठवड्यातून एक-दोनदा. केस काढल्यावर लगेच लावू नये, दोन दिवस जाऊ द्यावेत. अंघोळीनंतर लावायचे झाल्यास अंग नुसते पुसून भागत नाही, नीट वाळू द्यावे लागते. आग झाली तर एखाददोन रात्री वगळाव्यात किंवा कमी तीव्रतेचे द्रावण घ्यावे. टाल्कम वगळता हे १९१९ च्या बाटलीवरचेच शास्त्र आहे.

आम्ही ही पद्धत त्या विद्यार्थ्याला कळवली तेव्हा त्याच्या आईचा आक्षेप आला: घाम अडवला तर अंगातले विष अंगातच राहील. १९१४ साली यंग यांना हाच आक्षेप खोडावा लागला होता, आणि आयुर्वेदाने स्वेदाला मल म्हटलेले असल्यामुळे आपल्याकडे तो अधिकच खोल रुजलेला आहे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. त्याचे काम शरीर थंड करण्याचे. विषारी द्रव्यांचा निचरा प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि काख हा तर साऱ्या त्वचेचा लहानसा तुकडा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ईमेलमधून पसरलेली स्तनाच्या कर्करोगाची भीती २००२ साली अमेरिकेत ८१३ रुग्ण स्त्रिया आणि ७९३ निरोगी स्त्रिया यांच्या तुलनेत तपासली गेली. संबंध आढळला नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावे. आणि ज्याला झोपेत अंथरूण भिजेपर्यंत घाम येतो, किंवा मोठ्या वयात अचानक सर्वांगाला घाम सुरू झाला आहे, त्याने बाटली न शोधता डॉक्टरांकडे जावे. तो प्रकारच वेगळा.

एक गोष्ट या इतिहासात शेवटपर्यंत अवघड राहिली आहे, ती म्हणजे तळहात. ज्या तळहातांसाठी सिनसिनाटीच्या त्या शल्यविशारदाने द्रव काढला होता, तेथेच हे औषध सर्वांत कमी चालते, कारण तळहाताची त्वचा जाड असते. तेथे अधिक तीव्र द्रावण लागते, आणि तेही पुरेसे होईलच असे नाही. साध्या पाण्याच्या तबकात हात ठेवून त्यातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडण्याची, आयोन्टोफोरेसिस नावाची पद्धत त्यासाठी आहे. १९६८ साली तिचे घरी वापरता येईल असे साधे यंत्र वर्णिले गेले. २००४ पासून अमेरिकेत बोटुलिनमच्या इंजेक्शनांना अतिस्वेदासाठी मान्यता आहे, पण ती काखेपुरती. परीक्षेच्या दालनात उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल घेऊन लिहिणारी एखादी मुलगी दिसते, आणि तिची शाई ओळीच्या शेवटी थोडी पसरलेली असते. पर्यवेक्षक म्हणून आम्ही अशा रुमालाकडे पूर्वी संशयाने पाहत असू. आता आम्ही तिच्या बाकावर एक कोरा टीपकागद ठेवून पुढे जातो.